चहा संपेपर्यंतचा सिंह

आमच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. थर्माकोलचा चुरा आणि किस्से! चुरा निदान व्हॅक्यूममध्ये जातो. किस्से मी रोज शारजाला घरी आणते आणि नवऱ्याला ऐकवते. परवा तो म्हणाला, "बाई गं, कुठेतरी लिहून टाक. ऑफिस तुझं, आणि पाठ मला झालंय!"

तर ऐका. दुबईतल्या अल क्वोजमध्ये, टायरवाला आणि मार्बलवाला यांच्या मधल्या शेडमध्ये आम्ही मुखवटे बनवतो. शाळांची गॅदरिंग, मॉलचे इव्हेंट, सगळ्यांना आमचीच डोकी लागतात. पूर्ण डोकी हं, खांद्यावर बसणारी. घडवणारे दाऊदचाचा, रत्नागिरीकडचे, एकतीस वर्षं इथे. रंगवणारा नितीन, उल्हासनगरचा. मॅनेजर कारखानीस सर, पुण्याचे, म्हणजे काय ते समजून घ्या. आणि मी वैशाली. कापड शिवणं, क्लायंटशी गोड बोलणं आणि जे कोणीच करत नाही ते सगळं, हे माझं डिपार्टमेंट.

या वर्षी अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीतल्या एका शाळेची ऑर्डर आली. प्राचीन ग्रीक प्राणीकथांचा कार्यक्रम, बारा डोकी, आणि प्रत्येकासोबत एक कार्ड, हा प्राणी त्या गोष्टींमध्ये कशाचं प्रतीक आहे ते सांगणारं. कार्डं कोण लिहिणार? जे कोणीच करत नाही ते माझं! महिनाभर मी मेट्रोत बसून कोल्हे, कावळे आणि गाढवं वाचली.

*

आधी आमचा रिवाज सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

फार वर्षांपूर्वी चाचांनी एक उंटाचं डोकं केलं आणि त्याला श्वासाची भोकं ठेवायलाच विसरले. मॉलमध्ये उंट धाडकन आडवा! तेव्हापासून नियम झाला. प्रत्येक मुखवटा आमच्यापैकी कोणीतरी चढवायचा, त्यात बसून स्ट्रॉने एक पूर्ण करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा प्यायचा, आणि मगच माल बाहेर. चहा संपेपर्यंत त्या माणसाला नावाने हाक मारायची नाही. तो आतून काय बोलेल ते प्राणी बोलला असं धरायचं आणि नंतर कोणी ते मनात ठेवायचं नाही. बाहेरच्यांनी फक्त ऐकायचं. उत्तर द्यायचंच असेल तर स्वतः एखादं डोकं चढवा आणि बोला!

कोल्ह्याच्या ट्रायलला नितीन बसला. दोन घोट घेतले आणि सरांच्या केबिनकडे तोंड करून म्हणाला, "महाराज, जंगलातला एसी चार दिवस बंद आहे. महाराजांच्या गुहेतला मात्र झकास चालू आहे!"

सरांनी कोल्ह्याकडे पाहिलं. नियमाप्रमाणे गप्प राहिले. मग फोन उचलला. दुपारी मेकॅनिक हजर!

नितीन डोकं काढून घाम पुसत म्हणाला, "च्यायला, चार दिवस माणूस म्हणून बोंबलत होतो!"

मी कोल्ह्याच्या कार्डावर लिहिलं, "ज्याच्याकडे ताकद नाही, त्याची जीभ." त्या गोष्टी वाचताना मला हेच दिसत होतं. दुबळ्याला सरळ बोलता येत नाही, म्हणून तो प्राण्याच्या तोंडून बोलतो.

*

लांडग्याने फार छळलं. म्हणजे क्लायंटने.

शाळेकडून एक बाई यायच्या, बोलायला गोड, शब्दाशब्दाला हबीबी. पहिल्यांदा म्हणाल्या, दात फार धारदार आहेत, मुलं घाबरतील. चाचांनी दात घासले. मग म्हणाल्या, आता हा मेंढी वाटतो. दात परत लावले. मग करडा रंग नको. मग कान लहान. पाचव्या फेरीला चाचा मला हळूच म्हणाले, "हिला लांडगा वाईट दिसत नाय गो. हिला कायतरी बोलायचंय, म्हणून कारण शोधते."

माझी ट्यूब पेटली! ग्रीकांचा लांडगा अगदी तसाच. कोकराला खायचंच असतं, पण आधी कारण शोधतो. तू पाणी गढूळ केलंस, तू नाही तर तुझ्या बापाने केलं असेल! मी तिथल्या तिथे कार्ड लिहून बाईंच्या हातात दिलं, "लांडगा भुकेला असतो, पण आधी तक्रार करतो."

बाईंनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, गेली ऑर्डर.

"ओ माय गॉड," त्या म्हणाल्या, "धिस इज माय बॉस!" आणि लांडगा खलास, अप्रूव्ह!

*

मुंगी आणि नाकतोड्याचं कार्ड मी घरी लिहीत होते. "मुंगी म्हणजे कष्ट आणि दूरदृष्टी." माझी लेक पाचवीत आहे. तिने खांद्यावरून वाचलं.

"मम्मा, द ग्रासहॉपर प्लेड म्युझिक द होल समर. डिड द अँट पे हिम?"

"अगं, ती गोष्ट त्याबद्दल नाहीये."

"देन शी इज जस्ट रूड," म्हणाली आणि गेली निघून!

दुसऱ्या दिवशी हे मी चाचांना सांगितलं. ते फोम कापता कापता खूप हसले. मग म्हणाले, "पोर बरोबर बोलते. एकतीस वर्षं मुंगी झालो मी. घर बांधलं, पोरींची लग्नं केली. आता गावी गेलो की तिथं मी पाव्हणा. दोन दिवस सगळी ‘अब्बा, अब्बा’ करतात. तिसऱ्या दिवशी विचारतात, परत कधी जाणार?"

हसत हसतच म्हणाले. पण हा माणूस या शेडबाहेर काय करेल, हा विचार तोपर्यंत मला कधी शिवला नव्हता.

*

कोल्हा आणि करकोच्याची मेजवानी सगळ्यांना माहीत असते. एकाने पसरट ताटात वाढलं, दुसऱ्याने सुरईत, दोघेही उपाशी. ग्रीकांकडे पाहुणचार म्हटला की पाय ओढणं आलंच.

आमच्याकडचं ऐका. पहिल्या गणपतीला सरांनी चाचांना जेवायला बोलावलं. मेनू काय, तर मोदक, श्रीखंड आणि जिलबी. चाचांना डायबेटिस! ते बिचारे तासभर लिंबाचं लोणचं आणि वरणभात खात बसले. मग ईदला चाचांनी सरांना बोलावलं. बिर्याणी, कबाब, पाया. सर अंडंसुद्धा खात नाहीत!

गोष्ट असती तर इथे संपली असती. पण चाचा आतून एक कोरं पातेलं घेऊन आले. लेबल अजून चिकटलेलं होतं. "साहेब, ह्यात मटण कधी शिजलं नाय. आज सकाळी आणलंय." त्यात खास सरांसाठी केलेला व्हेज पुलाव. आणि पुढच्या गणपतीला सरांच्या मिसेसनी चाचांपुढे काय ठेवलं? उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या, हिरवी मिरची घातलेल्या, वाटीभर! तेव्हापासून दर वर्षी पातेलं आणि वाटी, दोन्हीकडून ठरलेलं.

हे काही कार्डावर मावलं नाही.

*

आता कावळा. कावळ्यापासून खरी पंचाईत सुरू झाली.

आमच्याकडे डोळे फक्त चाचा कापतात. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही. "तोंड कोणीपण करील, डोळा माझा," असं त्यांचं म्हणणं. तर कावळा तयार झाला आणि नितीनने मला मागे बोलावलं. डावा डोळा उजव्यापेक्षा लहान, चांगला बोटभर! बगळ्याचंही तेच. गाढवाचंही तेच. सगळे प्राणी डोळा मारत होते.

आम्ही काय केलं? रोज सकाळी चाचांच्या आधी अर्धा तास पोचायचं आणि डावा डोळा गुपचूप मोठा करायचा. चाचांना पत्ता नाही. म्हणजे, पत्ता लागला नाही यातच सगळं आलं.

पण एक दिवस क्लायंटबाई न सांगता टपकल्या. तीन डोकी तशीच टेबलावर! "व्हाय आर दे विंकिंग?" मी तोंडाला येईल ते ठोकून दिलं, "मॅडम, ही प्राचीन ग्रीक परंपरा आहे. प्राण्याला आतली गोष्ट माहीत असते, म्हणून तो डोळा मारतो."

बाई खूश! म्हणाल्या, मग सगळेच तसे करा. आणि शाळेच्या ब्रोशरमध्ये छापूनसुद्धा टाकलं! आता शेकडो आईबाप ही ग्रीक परंपरा घरी घेऊन जाणार. माझ्या डोक्यावर पाप!

त्या दुपारी मी चाचांना गाठलं. "चाचा, डोळे दाखवा ना डॉक्टरला. मोतीबिंदू असेल, आजकाल अर्ध्या तासाचं काम असतं."

चाचांनी सुरी खाली ठेवली. "दाखवलं की कागदावर येतं. कागदावर आलं की हातात तिकीट येतं. आंधळ्या कारागिराचा व्हिसा कोण काढील गो? पुढच्या महिन्यात संपतोय माझा."

मला रडूच आलं. म्हटलं, मी काही बोलणार नाही. आणि बोलले नाही.

*

ब्रोशर सरांच्या टेबलावर पोचलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"वैशाली, ही ग्रीक परंपरा कधीपासून?"

"सर, ते रिसर्चमध्ये..."

"चाचांनी कापलेले डोळे मी अठरा वर्षं बघतोय. मला ग्रीक शिकवू नकोस." त्यांच्यासमोर चाचांच्या व्हिसाच्या रिन्यूअलचे कागद होते, सहीची जागा कोरी. "त्यांना सांग, मला भेटायला सांगितलंय."

मी निरोप दिला. आदल्याच दिवशी मी चाचांना म्हाताऱ्या सिंहाचं कार्ड वाचून दाखवलं होतं. आजारी सिंहाला भेटायला सगळे प्राणी गुहेत जातात, कोल्हा तेवढा बाहेर थांबतो आणि म्हणतो, आत गेलेल्यांची पावलं दिसतायत, बाहेर आलेल्यांची दिसत नाहीत. चाचांनी काय उत्तर पाठवलं असेल? "साहेबांना म्हणावं, मी पावलं बघितली."

मी तसंच जाऊन सांगितलं. सर हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर टायरवाल्याकडे बघत बसले.

तीन दिवस दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. चाचा केबिनवरून जायचे ते लांबून. अशी शांतता आमच्या शेडमध्ये कधी नव्हती.

*

आणि शेवटी सिंह.

सिंहाची आयाळ म्हणजे एक वेगळीच कटकट. तिच्या केसांचा माल खोर फक्कानच्या बंदरात कंटेनरमध्ये अडकला. तिथला माणूस रोज "इन्शाल्ला बुकरा" म्हणायचा, आणि बुकरा म्हणजे उद्या. अशा आठ उद्या गेल्या. मग चाचांनी रस्त्याकडेच्या खजुरीचे धागे गोळा केले, गावाकडे काथ्या पिंजतात तसे पिंजले, आणि अशी आयाळ केली की नितीन शिट्टी वाजवायला लागला.

सिंह सगळ्यात शेवटी तयार झाला. टेबलावर फक्त तो आणि छोटा उंदीर उरले होते. ट्रायलला नितीन पुढे आला, तर चाचा म्हणाले, "ह्याच्यात मी बसतो." इतक्या वर्षांत चाचा स्वतः कधी बसले नव्हते.

ते स्टुलावर बसले. मी डोकं चढवलं, स्ट्रॉ आत दिली. शेडमध्ये एसीचा आवाज तेवढा. सर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

चाचांनी अर्धा चहा प्यायला. मग आतून आवाज आला.

"सिंहाला डाव्या डोळ्यानं दिसत नाय. उजव्यानं अर्धं दिसतं. सहा महिने झाले. पोरं सकाळी येऊन डोळे नीट करायची, सिंह आपणच कापल्यासारखं दाखवायचा." थोडं थांबले. "सिंहाला परत पाठवू नका. त्याला दुसरं जंगल ठावं नाय."

नितीनने तोंड फिरवलं. सर काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. बाहेरच्याने फक्त ऐकायचं, हा त्यांच्याच कंपनीचा नियम!

अठरा वर्षांत सरांनी एकही डोकं चढवलेलं नव्हतं. आम्ही किती मागे लागायचो! सायनस आहे म्हणायचे. ते टेबलापाशी आले, घड्याळ काढून खिशात टाकलं, आणि उंदराचं डोकं चढवलं. लहान मुलाच्या मापाचं होतं, अर्धी हनुवटी बाहेर राहिली. दुसरं स्टूल ओढून ते सिंहाशेजारी बसले.

"महाराज," उंदीर म्हणाला, "व्हिसाचे कागद कालच सही करून पुढे गेले. दोन वर्षांचे. आणि गुरुवारी साडेदहाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. उंदीर गाडी घेऊन येतोय."

सिंहाची स्ट्रॉ तशीच तोंडात. मग चाचांचा हात हळूहळू वर आला, चाचपडत उंदराच्या डोक्यापर्यंत गेला आणि कानावरून फिरला. एकदा, दोनदा.

"ह्यो कान कोणी चिकटवलान? वाकडा हाय," सिंह म्हणाला. "काढ हिकडं."