जीभ सैल सोडा

योग शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, जीभ सैल सोडा," आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या संतापावर उपाय म्हणून डॉक्टरांनी मला या योगोपचाराला धाडलेलं. शीर्षासन असणार म्हणून मी नवी घट्ट विजार चढवून गेलो. तर खोलीत मी, बाई आणि एक सतरंजी. गर्दी असती तर मागे लपता तरी आलं असतं!

"अहो, ती सैल सुटते म्हणून तर आलोय!" मी खेकसलो. "पुन्हा ओरडलात तर बहिणीकडे निघून जाईन, म्हणालीय बायको."

"ओरडताना ती सैल नसते, काका. आत्ता कुठे आहे, बघा."

टाळूला गच्च चिकटलेली होती. मी आणखीच चिडलो. म्हणजे इतकी वर्षं मी घर डोक्यावर घेत होतो, आणि बोलायचं ते आतच दाबून धरलं होतं? 'शांत हो' म्हणणाऱ्या एकालाही हे दिसलं नाही. मला तर नाहीच.

घरी बायकोने विचारलं, "काय शिकवलं?"

"जीभ सैल सोडायला."

ती बॅग काढायला उठली.

"थांब!" मी ओरडलोच. मग जीभ टाळूवरून सोडवली.

"मला भीती वाटते गं," म्हणालो. "सगळ्याचीच."