चोरून नेलेली बाग

आमच्या नांदेडच्या बागप्रेमी मंडळाची एक रीत होती. महिन्यातल्या एका रविवारी सगळ्यांनी कुणातरी सदस्याच्या घरी बाग बघायला जायचं. बघून झालं की घरमालकीण चहा टाकायला म्हणून आत जाई आणि मुद्दाम रेंगाळून बाहेर येई. तेवढ्यात पाहुण्यांनी आवडीच्या फांद्या मोडून पर्समध्ये कोंबायच्या. मागून नेलेलं रोप लागत नाही, चोरलेलं लागतं, यावर सगळ्यांचा विश्वास. मग फुगलेल्या पर्सकडे कुणी बघायचं नाही. चहा प्यायचा, सुनांविषयी बोलायचं आणि निघायचं.

माझी बायको यातली पट्टीची चोर. माहेर रेणापूरचं. तिथं भाजी धुतलेलं पाणीही ओतून देत नसत, म्हणून असेल, पण हिरवं काही दिसलं की तिचा हात शिवशिवायचा. मी मंडळाचा सदस्य नव्हतो, तिचा ड्रायव्हर होतो. फाटकाबाहेर स्कूटरवर बसून पेपर वाचायचो, कारण मला लाज वाटायची. परत येताना मागून हुकूम यायचा, "हळू चालवा, मागं माल हाय."

ती गेल्यावर तिचा फोन माझ्याकडे राहिला. मंडळाचा ग्रुप त्यात होताच. त्यांनी मला काढलं नाही, मीही निघालो नाही. रोज सकाळी तिथं कुणाचं ना कुणाचं फूल यायचं. दिवसभरात मला येणारा तेवढाच निरोप, आणि तोही तिच्यासाठी असायचा.

पुण्याच्या मुलानं मला तिकडं बोलावलं तेव्हा नको म्हणायला काही कारण उरलं नव्हतं. घर भाड्यानं द्यायचं ठरलं. भाडेकरूला गाडी लावायला अंगण हवं होतं, म्हणजे तिथं फरशी बसणार. मुलाच्या बाल्कनीत कपड्यांचा स्टँड मावतो, बाग नाही. झाडं नुसती वाटून टाकावीत म्हटलं, तर मागून नेलेलं लागत नाही हे तिचं बोलणं आड आलं. असल्या गोष्टी मानणारा मी नव्हे. पण तिच्या झाडांवर प्रयोग करायची माझी छाती होईना. शेवटी ग्रुपवर मीच लिहिलं, या रविवारी आमच्याकडे या.

आल्या सगळ्या. पहिल्यांदा हसल्या, कारण जी ती आपापला माल ओळखायला लागली. जास्वंद एकीच्या गच्चीवरची निघाली, कृष्णकमळ दुसरीच्या कुंपणावरचं. मी चहा टाकायला आत गेलो. मुद्दाम इतका वेळ लावला की चहाचा काढा झाला. कप घेऊन बाहेर येऊन बघतो तर बायका मयताच्या घरी भेटायला आल्यासारख्या हात बांधून ओळीनं उभ्या, पर्सा सपाट. एका पानाला धक्का नव्हता.

मला रागच आला. म्हटलं, पुढच्या महिन्यात इथं फरशी बसणार आहे, मग काय फरशीच्या फांद्या न्याल? मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या, धर्माबादच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. त्या म्हणाल्या की तिच्या झाडाला हात लावायला जीव होईना. मग कुंड्याच देऊन टाका, असं मागून कुणीतरी सुचवलं.

"दिलेलं लागत नाही म्हणायची ती," मी म्हणालो.

बाईंनी पर्सची चेन उघडली. "मग आत जा भाऊजी, अन् दार लोटून घ्या. मालक समोर उभा असल्यावर चोरी कशी करावं?"

मी दार लोटून पलंगावर बसलो. बाहेर काटकन काहीतरी मोडलं. मग आणखी एक. कुंडी ओढल्याचा आवाज, कुणीतरी कुणाला दबक्या आवाजात "मुळासकट घे" म्हटलं. किती दिवसांनी घरात माणसं होती. मी रडलो आणि बरं वाटलं. शेवटी फाटकाची कडी वाजली. बाहेर आलो तर अंगणात माती सांडलेली, झाडं ओरबाडलेली आणि चहाचे कप भरलेले. चोर काही निरोप घेऊन जात नसतात. रीत त्यांनी नीट पाळली होती. तरी एखादी थांबेल असं मला वाटलं होतं.

आता मी पुण्यात आहे. परवा तिच्या फोनवर फोटो आला. कुणाच्या तरी कुंडीत जास्वंदीच्या काडीला दोन कोवळी पानं, आणि खाली एकच शब्द, "लागलं". मग दिवसभर असे फोटो येत राहिले. मधुमालती लागली, कृष्णकमळ लागलं. मी बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागं बसून ते बघत होतो. सून विचारून गेली की इथं करमतंय ना. मी हो म्हणालो. चांगली आहे ती, मुलगाही चांगला आहे. पण मला त्यांनी रीतसर मागून आणलंय.