एक अधिक एक, एक

लासुर्ण्याच्या स्टँडवर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवली, तेव्हा तिच्यात दोन सदरे, आईनं केलेला चिवडा आणि एक पक्कड होती. पक्कड त्यांनी स्वतः ठेवली होती. बारामतीच्या कॉलेजात मला अकरावी सायन्सला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं होतं. हा विषय आमच्या घराण्यात कुणी पाहिला नव्हता, पण तात्यांनी त्याचा अर्थ लावून टाकला होता : विहिरीवरची मोटार. ती वर्षातून दोनदा जळायची, भरायला, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायला, इंदापूरला न्यावी लागायची आणि तोवर ऊस सुकायचा.

"दिवाळीपातूर मोटार भरायला शिक," ते खिडकीशी येऊन म्हणाले. "जमलं न्हाय तर माघारी ये. उसात बी माणूस लागतंच."

मी मान डोलावली. मलाही तसंच वाटत होतं. आज बंगळूरच्या फ्लॅटमध्ये हे सांगतो तेव्हा माझी मुलं सोफ्यावर लोळून हसतात. हसू देत.

पहिल्या तासाला मी पक्कड घेऊन गेलो. मॅडमनी फळ्यावर लिहिलं : १ + १ = १. मी हादरलो. एवढ्या शिकलेल्या बाईंची चूक झाली आणि भरल्या वर्गात कुणाच्या लक्षात येईना! गावच्या शाळेत गणितात पहिला आलेला मी कर्तव्य म्हणून उभा राहिलो.

"मॅडम, दोन हाय ते."

वर्ग जो फुटला, तो शनिवारपर्यंत हसत होता. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, पण इंग्रजीत. पुढचे चार महिने बाकीची पोरं वहीत भराभर आकृत्या काढत होती आणि मी त्या आकृत्यांत मोटारीची तांब्याची तार शोधत होतो. सहामाहीला पंचवीसपैकी चार.

दिवाळीला घरी आलो तर मोटार जळालेली आणि तात्या खुशीत! शेजारच्या रानातले आबाही बघायला आलेले. मी नट काढले, झाकण उघडलं. आत काळी पडलेली तार. मी तिच्याकडे बघत बसलो.

"सायेब, मंतर म्हणताय का काय?" आबांनी विचारलं.

"तात्या," मी म्हणालो, आणि पक्कड खाली ठेवली. "हे आमाला शिकवतच न्हाईत."

आबा आपल्या रानाकडे निघून गेले. तात्या पाटाच्या कडेला बसले.

"मग चार म्हैनं काय शिकलास?"

"एक अधिक एक, एक."

"मास्तरीण म्हणती असं?"

"व्हय."

त्यांनी पाटातलं एक ढेकूळ उचलून बाजूला टाकलं. मग म्हणाले, "नीट सांग."

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं : दोन वाटा आत येतात. एक म्हणजे आहे, शून्य म्हणजे नाही. कुठल्याही वाटेनं आलं तरी बाहेर एक. दोन्हीकडून आलं तरी एकच. ते उसाकडे बघत होते.

"विहिरीचं पाणी आलं तर सरी भिजती का?"

"भिजती."

"कालव्याचं आलं तर?"

"भिजती."

"अन् दोनी आली तर? दोनदा भिजती व्हय रं? भिजली म्हंजी भिजली. एकच झालं की!"

वर्गात बसला त्याहून मोठा धक्का मला तिथं बसला. तात्या चौथी शिकलेले.

"मला कळालं," ते जवळजवळ रागावूनच म्हणाले, "तर तुला न कळायला काय झालं?"

मी म्हणालो, ठरल्याप्रमाणे आता हितंच राहतो. खरं सांगायचं तर मला राहायचंच होतं. इथं कुणी हसणार नव्हतं. आई तर भाकरी थापता थापता "ऱ्हाऊ द्या की लेकराला" म्हणत होतीच.

"मोटार इंदापूरला जाईल," तात्या म्हणाले. "हा बारामतीला."

सुट्टी संपेपर्यंतही थांबू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका जीपमध्ये मोटार चढली, समोरून आलेल्या एस.टी.त मी चढलो, आणि आम्ही दोघं दोन दिशांना गेलो.

त्यानंतर मला सगळं कळू लागलं असं काही झालं नाही. बारावीलाही काठावरच निघालो. आता चिप डिझाइन करतो, आणि मीटिंगमध्ये दर चार वाक्यांतलं एक डोक्यावरून जातं.

गावी राहिलेले दोस्त विचारतात, कधी येणार परत? माझ्यासारखे निघून आलेले एकमेकांना तेच विचारतात. गावच्या माझ्या खोलीत आता खताची पोती आहेत. तरी माझं घर तेच. त्या दिवाळीत मला ठेवून घेणं किती सोपं होतं! हरून आलेल्याला तिथं जेवू घातलं आणि सकाळी पुन्हा गाडीत बसवलं, म्हणून ते घर.

तात्या आता ऐंशीचे आहेत. रविवारी फोन करतो, तेव्हा कधी येतोस असं ते विचारत नाहीत. विचारतात, "ह्या आठवड्यात काय न्हाय कळालं?"

आणि मी सांगायला लागतो.