विचार करून सांगते

"कशावरून?"

आमच्या खासदारसाहेबांचा हा शब्द बडोद्यातल्या सगळ्या कारेलीबागेला पाठ होता. भाजीवाली म्हणाली, "साहेब, तुवेर ताजी छे," की हे विचारणार, "कशावरून?" डॉक्टर म्हणाले प्रेशर नॉर्मल आहे, की "कशावरून? हे मशीन शेवटचं कधी तपासलंत?" बायकोनं चहात साखर घातली म्हटलं, तरी आधी चमचाभर चाखून बघायचे. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. फरक इतकाच, की आमचा माणूस तेच दिल्लीत जाऊन मंत्र्यांना विचारायचा.

ते विरोधी बाकावर होते. शनिवारी बडोद्याला आले की माझ्या टायपिंग क्लासात हजर. दिल्लीत त्यांना टायपिस्ट मिळत होता, पण त्याच्यावर विश्वास नव्हता. माझ्यावर होता असं समजू नका. टाइप झालं की हात पुढे, "ताई, कार्बन द्या." कार्बन उजेडात धरला तर वाचता येतो म्हणे. एकदा चक्क रिबन मागितली. मी तडकले.

"साहेब, मशीनच घेऊन जा ना घरी!"

"तुमच्यावर संशय नाही हो, ताई."

"मग कोणावर? भिंतीवर?"

त्यांनी खरंच भिंतीकडे पाहिलं. पलीकडे शिवणाचा क्लास होता. मला हसू आवरेना, आणि मग तेही हसले.

मंत्र्यांची छापील उत्तरं ते पिशवीतून आणायचे आणि मला वाचून दाखवायचे. निम्म्या उत्तरांत एकच वाक्य: माहिती गोळा करण्यात येत आहे. "ताई, ही माहिती तीन वर्षं गोळा होतेय. एव्हाना डोंगर झाला असेल!" असं म्हणून तोच प्रश्न ते पुन्हा माझ्याकडून टाइप करून घ्यायचे. उत्तर मिळेपर्यंत माणसाला सोडायचं नाही, हा त्यांचा खाक्या.

त्या दिवसांत इकडे नवनवे कारखाने उभे राहत होते. एका शनिवारी पादरा तालुक्यातल्या एका गावातून रेवाबेन म्हणून एक बाई साहेबांना शोधत क्लासात आली. हातात बाटली, बाटलीत तिच्या विहिरीचं पाणी, रंग चहासारखा. हात सोललेले. जवळच्या रसायनाच्या कारखान्यामुळे पाणी बिघडलंय, पण सरकारी माणूस तपासून गेला आणि पाणी चांगलं म्हणाला, असं सांगत होती. साहेबांनी सवयीनं विचारलं, "पाणी कारखान्यामुळेच बिघडलं, कशावरून?" तिनं नुसती बाटली पुढे केली.

कशावरून, ते मला मात्र ठाऊक होतं. 

झालं होतं असं. ज्या खात्यानं ते पाणी तपासलं, त्याचं जादा टायपिंग माझ्याकडे यायचं. तिथल्या अधिकाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला अहवालाचा मसुदा मला दिला होता: पाणी पिण्यास अयोग्य, कारण कारखान्याचं सांडपाणी. दोन दिवसांनी तोच अधिकारी आला, टाइप केलेल्या सगळ्या प्रती घेऊन गेला आणि नवा मसुदा देऊन गेला. त्यात पाणी योग्य झालं होतं! "पहिला मसुदा फाडलात ना, बेन?" "हो," मी म्हटलं. टाइप झालं की मसुदा फाडायचा, ही आमच्या धंद्यातली रीत. का कोण जाणे, तो एक मी फाडला नव्हता.

रेवाबेन गेल्यावर तो कागद मी साहेबांच्या हातात ठेवला. म्हटलं, "हे घ्या तुमचं कशावरून." त्यांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

साहेबांनी त्या पाण्यावर सभागृहात प्रश्न दिला, आणि तो सोडतीत निघाला. मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावं लागणार होतं, आणि टीव्हीवर दिसणार होतं. मी क्लासला सुटी दिली. मंत्री म्हणाले, अहवालानुसार पाणी योग्य आहे. साहेब उठले. त्यांचा हात बंडीच्या आत गेला. मी पदर घट्ट धरून बसलेली. हात रिकामाच बाहेर आला. "मंत्रिमहोदयांनी पुन्हा तपासणी करावी," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

माझं डोकंच फिरलं. आदल्या रविवारी त्या कारखान्याची गाडी त्यांच्या दारात मी या डोळ्यांनी पाहिली होती. दुसऱ्याला कशावरून विचारणारा माणूस स्वतः विकला गेला की काय? मी हे शेजारच्या शिवणवाल्या बाईंना सांगितलं. आठवड्याभरात ते रेवाबेनच्या गावापर्यंत पोचलं.

शनिवारी ते आले. मी उभ्या उभ्याच विचारलं, "गाडी कशाला आली होती, साहेब?"

"मिठाई घेऊन आली होती. परत पाठवली." मग खुर्ची ओढून बसले. "ताई, सभागृहात कागद दाखवला की सही करून पटलावर ठेवावा लागतो. मग तो कोणीही बघू शकतो. हे अक्षर त्या अधिकाऱ्याचं. त्यानं हा कागद कोणाकोणाला दिला होता?"

 एकट्या मला.

"तुमचे मिस्टर मिल बंद पडल्यापासून घरी आहेत. मुलगी कॉलेजात. काम निम्म्याहून जास्त त्या खात्याचं. मी परस्पर कसा ठेवू?" त्यांनी कागद काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही ठेवा म्हणालात, तर पुढच्या अधिवेशनात ठेवतो. नाही म्हणालात, तर माझी काही तक्रार नाही."

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

त्यांनी कागद पुन्हा खिशात ठेवला.

पुढचं अधिवेशन आलं, गेलं. त्याच्या पुढचंही. साहेब शनिवारी यायचे, टाइप करून घ्यायचे, कार्बन मागायचे. मंत्र्यांच्या मानगुटीवर बसणाऱ्या त्या माणसानं मला दुसऱ्यांदा कधी म्हणून विचारलं नाही. मी मनाशी म्हणायची, मुलीचं लग्न होऊ दे, मग सांगू. लग्न झालं. मग क्लासात कॉम्प्युटर घ्यायचा होता. खात्याचं काम येतच होतं. रेवाबेनच्या गावात त्यांच्या सभेत लोक ओरडले, "केटला मळ्या, साहेब?" किती मिळाले, म्हणून. मी पेपरात वाचलं, आणि पेपर घडी करून ठेवला. लाज वाटली हो, खूप वाटली. पण लाज वाटून कोणाचं काय भलं होतं?

मुदत संपल्यावर त्यांना पुन्हा कोणी पाठवलं नाही. दोन वर्षांत गेले.

शोकसभेला खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या. पुढचे वक्ते त्यांना 'झुंजार' म्हणत होते आणि मागचे लोक एकमेकांना कोपर मारत होते. माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली. हातांवरून ओळखली. रेवाबेन. गावात नळ आलाय का, मी विचारलं. आलाय म्हणाली, गेल्या वर्षी. मग हळूच म्हणाली, "माणूस चांगला वाटला होता, बेन. का विकला गेला असेल?"

आणि मी सांगितलं. सगळं. मसुदा, त्या खात्याचं माझं काम, ती शनिवारची गोष्ट. साहेब विकले गेले नव्हते, माझ्यासाठी गप्प बसले होते, आणि गाडीची गोष्ट पसरवणारीही मीच.

तिनं समोरच्या फोटोकडे पाहिलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं साधंच विचारलं, "तो आटलां वरस तमे क्यां हतां, बेन?"

इतकी वर्षं मी कुठे होते?

"इथेच," मी म्हटलं. "कारेलीबागेत."