आरशासारखी नळी

ती रायफल आठवली की आजही मला ओशाळल्यासारखं होतं.

देशात नुकतीच खुली अर्थव्यवस्था आली होती आणि आमच्या शहरातल्या कोठी या भागातल्या जुन्या घरांवर बिल्डरांचा डोळा होता. मी त्या भागातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी निनावी फोन आला, की एका निवृत्त मास्तरांनी शेजाऱ्यावर गोळी झाडली. जाऊन पाहिलं तर शेजाऱ्याच्या पत्र्याला भोक होतं आणि मास्तरांच्या फडताळात वडिलांच्या वेळची लिव्हरवाली रायफल, परवाना कधीच संपलेला. मी स्वतः पंचनामा लिहिला आणि रायफल जप्त केली.

दुसऱ्या दिवशी तिची तपासणी करायला आमचा आर्मरर, म्हणजे ठाण्यांची हत्यारं तपासणारा माणूस, आला. दस्ता वाळवीने खाल्लेला, स्प्रिंग ढिली, लिव्हर अर्ध्यातच अडकत होती. मग त्याने नळी उजेडाकडे धरली. "साब, अंदर से तो चकाचक है. अब्भीच साफ करे सो दिखरी."

लाकूड कुजलेलं आणि नळी आरशासारखी! गोळी झाडून पुसली, हे मी तिथेच ठरवून टाकलं. मास्तरांना अटक झाली.

"नळी कधी पुसलीत?" मी दरडावून विचारलं.

"पुसलीच नाही, साहेब. दसऱ्याला तिच्या तोंडाला हळदकुंकू लावतो नि परत ठेवून देतो. वडीलही तेच करायचे."

दहादा विचारलं, दहादा तेच. खोटं बोलणारा दुसऱ्या खेपेला चार शब्द वाढवतो. मास्तरांनी एकही वाढवला नाही, आणि मी चरकलो. पंचनामा काढून वाचला. माझ्याच अक्षरात होतं : 'नळीच्या तोंडात हळदकुंकवाचा वाळलेला जाड थर, अखंड.' गोळी सुटली असती तर तो थर राहिलाच नसता.

मग मी मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदाराला बोलावलं. तो आधी नाहीच म्हणाला. नंतर रडकुंडीला आला.

"हौ साब, मैंच साफ करा. गंदा हथियार रखे तो आपीच चिल्लाते ना!"

त्याने काढून दिलेल्या चिंधीवर गंज आणि कुंकूच होतं. ते कळल्यावर शेजाऱ्यानेही कबूल केलं : फोन त्याचाच, भोकही त्यानेच खिळ्याने पाडलेलं. मास्तर घर विकत नव्हते म्हणून त्याचाही बिल्डरशी सौदा अडला होता.

हवालदाराची चूक मी डायरीत नोंदवली आणि माझीही. इतरांच्या हातांवर संशय घेण्याआधी आपले हात तपासावेत, हे मी तिथे शिकलो. पण शिकण्याची किंमत मी मोजली नाही. मास्तर दोन रात्री कोठडीत होते आणि त्या दोन्ही रात्री मी घरी गाढ झोपलो होतो.