कंट्रोलरच्या डब्यातलं मीठ

"इंजिनेर, दूध नासलं. या आन् आपल्या डोळ्यांनी बघून जा." एवढं बोलून दूध संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी फोन ठेवला.

मी समजलो. दुसरा बोर्डही उडाला होता.

माझं अंबाजोगाईत छोटं वर्कशॉप आहे. आधी मी एका सहकारी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होतो. कारखाना बसला, आम्हीही घरी बसलो. मग मी इलेक्ट्रिक गाड्यांचे कंट्रोलर बनवायला लागलो. तेलगावच्या बाजूच्या या दूध संस्थेने आपली जुनी तीनचाकी माझ्याकडे आणली. इंजिन काढून आम्ही तिच्यात मोटर आणि बॅटऱ्या बसवल्या. वस्त्या-वस्त्यांवरचे दुधाचे कॅन गोळा करून शीतकरण केंद्रावर पोचवायचे, हे तिचं काम. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. गाडी चालवायचा लक्ष्मण. तो आणि त्याची बायको सोजर दरवर्षी ऊसतोडीला जायचे. गाडी टिकली तर दिवाळीनंतर कोयता हातात घ्यावा लागणार नव्हता. गाडी चालू करून दिली त्या दिवशी लक्ष्मणने हे मला दोनदा ऐकवलं होतं.

आता उडाला म्हणजे काय, ते सांगतो. बॅटरी आणि मोटर यांच्या मध्ये पॉवर ट्रान्झिस्टर असतात. आम्ही त्यांना मॉसफेट म्हणतो. तुम्ही नळाची तोटी समजा. ही तोटी सेकंदाला हजारो वेळा उघडते आणि मिटते, म्हणून मोटर हवी तशी फिरते. पण ती आपणहून हलत नाही. तिला झटक्यात उघडणारा आणि झटक्यात मिटणारा हात लागतो. तो हात म्हणजे ड्रायव्हर बोर्ड. ते मी स्वतः बनवतो. हाताने कुचराई केली आणि तोटी अर्धवट उघडी राहिली, की मॉसफेट तापतो आणि फुटतो. फुटतो म्हणजे खरंच फुटतो, फटाक्यासारखा.

पहिला बोर्ड गेला तेव्हा माझा संशय बाजारावर होता. या धंद्यात नकली मॉसफेट फार. जुन्या मालाचा नंबर घासून नवा छापतात आणि आपल्या गळ्यात मारतात. मी त्याच खेपेतला एक फोडून पाहिला, बाकीचे मीटरवर तपासले. माल अस्सल निघाला. मग माझं डोकं चालेना.

दुसऱ्या वेळी मी गेलो तेव्हा केंद्रावर नासक्या दुधाचा आंबूस वास भरला होता. चेअरमनसाहेब खुर्ची बाहेर टाकून बसले होते. उंच, आडवा माणूस. गावात टँकरचं पाणी कुणाला किती, हेही तेच ठरवायचे.

"कितीचा माल घातला बे तू?" ते म्हणाले. रागावले की ते 'इंजिनेर' विसरायचे.

"माल चांगलाय साहेब. तपासलाय मी."

"मंग चांगला माल फुटतो कावून?"

"तेच बघायला आलोय."

"बघ. पर आता तिसऱ्यांदा फुटलं तर ही गाडी भंगारात. संपतचा डिझेल टेम्पो परत चालू करतो मी. लोकाचं दूध नासवायला बसलो न्हाई हितं."

लक्ष्मण तिथेच उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

मी सीटखालचा कंट्रोलरचा डबा उघडला आणि थबकलो. बोर्डावर पांढरा थर होता. मॉसफेटच्या पायांमध्ये, वाळलेल्या पापुद्र्यासारखा. पहिला बोर्ड पार जळला होता, त्यावर असं काही दिसलं नव्हतं. मी बोटावर घेऊन जिभेला लावला. असं करू नये, पण केलं. खारट!

त्या क्षणी माझा संशय कुठे गेला, ते सांगायला नको. आधी दूध संपतच्या टेम्पोतून यायचं. ते काम गेल्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. कुणी डब्यात मिठाचं पाणी टाकलं असेल, तर त्याचा फायदा सरळ त्याला होता. मनातल्या मनात मी त्याला दोषी ठरवून मोकळा झालो.

पण पुरावा हवा. मी लक्ष्मणला बाजूला घेतलं.

"गाडीला कोण हात लावतं?"

"कोण न्हाई साहेब."

"दुपारी चार्जिंगला कुठे असते?"

"आमच्या घराम्होरल्या शेडात. मी असतो ना तिथंच."

"संपत येतो का तिकडे?"

"न्हाई. कोणबी येत न्हाई." बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. चपलेने माती उकरत होता.

तेव्हा संशय संपतवरून उठला आणि लक्ष्मणवर बसला. दोन्ही वेळा गाडी संध्याकाळच्या फेरीलाच बंद पडली होती. सकाळी तिला कधी काही झालं नव्हतं. म्हणजे जे होत होतं ते दुपारी, त्याच्या शेडमध्ये. संपतने त्याला फितवलं का? पण स्वतःच्या पोटावर कोण पाय देईल? मला काही कळेना. मी तिसरा बोर्ड बसवला आणि कुणाला न सांगता दोन दिवसांनी भर दुपारी मोटरसायकलने वस्तीवर गेलो.

ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. विहिरीच्या तळाला भेगा पडलेल्या. वस्तीवर टँकर यायचा, तोही कुठल्याशा खोल बोअरवर भरलेला. मी मोटरसायकल बाभळीखाली लावली आणि शेडच्या मागच्या पत्र्याच्या फटीला डोळा लावून बसलो. पन्नाशीतला माणूस, आणि चोरासारखा दबा धरून बसलेला. माझं मलाच हसू येत होतं.

थोड्या वेळाने सोजर आली. पदराखाली कळशी. तिने दोन्हीकडे पाहिलं, सीट उचलली, कोपऱ्यातलं गोणपाट डब्यावर पसरलं आणि त्याच्यावर हळूहळू पाणी ओतायला लागली. डब्याच्या झाकणाला हवेसाठी भोकं होती. गोणपाटातलं पाणी त्यातून आत ठिबकणार, हे उघड होतं.

"अहो, काय करताय हे!" मी ओरडलो. दचकून तिच्या हातातून कळशी सुटायचीच राहिली. आवाज ऐकून लक्ष्मण घरातून धावत आला.

"साहेब, तुमी कवा आलात?"

"तू म्हणालास कोणी हात लावत नाही! हे काय आहे?" माझा आवाज चढला होता. दोन बोर्ड, दोन हेलपाटे, चेअरमनच्या शिव्या, सगळं तोंडात आलं होतं.

उत्तर दिलं ते सोजरने.

"डब्बा लई तापतो साहेब. हाताला चटका बसतो. आधी दुधाच्या कॅनवर वलं पोतं टाकायचो आमी, तर दूध टिकायचं. मंग ह्यो डब्बाबी टिकंल म्हनलं."

"मग सांगायचं ना मला!"

"कुनाला सांगनार?" लक्ष्मण म्हणाला. "मान्साला पानी न्हाई, कॅनला कुठलं, म्हनून चेअरमननं पोती बंद केलीत. डब्ब्यावर पानी घातलं ह्ये कळलं तर आमच्या घराचं टँकरचं पानी तोडतील."

"हे पाणी कुठलं?"

"आमच्याच वाटचं हाय," सोजर म्हणाली. "दोघांनी आंघोळ न्हाई केली की भागतं."

माझा राग जागच्या जागी विरला. मला स्वतःचीच चीड आली. मी त्या अर्ध्या भरलेल्या कळशीकडे बघत राहिलो.

उलगडा सोपा होता. खोल बोअरच्या पाण्यात क्षार फार. पाणी आटायचं, क्षार बोर्डावर राहायचा. रोज नवं पाणी, रोज नवा थर. ओल आली की त्या थरातून करंट झिरपायचा, तोटी अर्धी उघडी राहायची आणि संध्याकाळी चढाला मॉसफेट फुटायचा. अशा ओलीसाठी बोर्डावर वार्निशसारखं कोटिंग मारतात. मी मारलं नव्हतं. धुळीसाठी भोकांना जाळी लावली, उन्हासाठी उष्णता बाहेर टाकणारा मोठा हीटसिंक घातला. पण या भागात, या साली, ओल कुठून येणार?

"आता पाणी घालू नका. तो डबा तापायलाच बनवलाय," मी सांगितलं. "तेवढा ताप त्याला चालतो."

सोजरने मान डोलावली, पण तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. हाताला चटका देणारी गोष्ट आतून ठणठणीत आहे, यावर कोण विश्वास ठेवेल?

मी बोर्ड धुऊन, वाळवून, कोटिंग मारून परत बसवला. झाकणाची भोकं बुजवून ती बाजूला, खालच्या अंगाला पाडली. मग चेअरमनसाहेबांना भेटायला केंद्रावर गेलो. संध्याकाळचं दूध घालायला बरीच माणसं आली होती. लक्ष्मण कॅन उतरवत होता. त्याचे हात मधेच थांबले.

"सापडलं का काय?" चेअरमनांनी विचारलं.

मी येताना रस्ताभर विचार केला होता. खरं सांगितलं तर माझं नाव साफ होत होतं. त्या घराची कळशी मात्र रिकामी राहणार होती.

"सापडलं साहेब. बोर्डातच दोष होता. नीट करून दिलाय, पैसे नकोत."

चेअरमनसाहेब सगळ्यांकडे बघून हसले. "म्हनलो न्हवतो का? सेकंड माल घातलाता यानं! मी पकडला म्हनून वठनीवर आला."

लोक हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार? लक्ष्मण तेवढा हसला नाही. त्याने पुढचा कॅन उचलला.

तिसरा बोर्ड टिकला. त्या दिवाळीनंतर वस्तीतले बाकीचे ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून कारखान्यांकडे गेले. लक्ष्मण आणि सोजर घरीच राहिले. आता वस्तीवर नळ आलाय आणि संस्थेचे चेअरमनही बदललेत, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

तेव्हापासून दुष्काळी गावात जाणाऱ्या बोर्डालाही मी दोनदा कोटिंग मारतो. तेलगावकडून मात्र मला आजही नवी ऑर्डर येत नाही. तिकडे माझं नाव निघालं, की लोक एकमेकांना सांगतात, माणूस हुशार आहे, पण माल तपासून घ्या.