सवाईचं बियाणं

लकवा मारल्यापासून वडिलांकडे एकच शब्द उरला आहे, 'व्हय'. चहा हवा का, व्हय. नको का, तरी व्हय. चितेगावचं शेत चुलत भावाकडे सोपवून मी आईवडिलांना चिकलठाण्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये आणलं. एक दिवस मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "ते टीव्हीत बोलले व्हते ना, तेवढं लाव की. आवाज ऐकून लई दिस झाले."

वडील खरंच टीव्हीत बोलले होते. ज्वारीचं बी राख आणि कडुलिंबाचा पाला घालून कसं साठवायचं, हे ते सांगत असताना एका वाहिनीने आमच्या अंगणात त्यांचं चित्रण केलं होतं. पुढे त्या वाहिनीने आपले जुने कार्यक्रम इंटरनेटवर, टोरंटने, मोकळे सोडले. चोरून नव्हे, आपणहून. ज्याने कार्यक्रम उतरवून घेतला त्याने कॉम्प्युटर चालू ठेवायचा, म्हणजे त्याच्याकडून तो तुकड्या-तुकड्याने पुढच्याला जातो. मला ही कल्पना भलतीच आवडली होती. सुट्टीत गावी गेले असताना मोबाइलच्या नेटवर मी तो भाग उतरवला आणि वडिलांना लॅपटॉपवर त्यांचंच भाषण ऐकवलं.

पडद्यावर 'सीड' असा शब्द होता. बियाण्याच्या पिशव्यांवर पाहून पाहून वडिलांना तो ओळखता येई. त्याचं इथं काय काम, असं त्यांनी विचारलं. आपण घेतलेलं पुढे देणं, मी सांगितलं.

"म्हंजी बियाणंच की, माय," ते म्हणाले. "मग सवाईनं परत दे. पायली घेतली तर सव्वा पायली. नाय तर मागच्यानं काय पेरावं?"

"देते हो," मी हसत म्हणाले. ते गोठ्याकडे वळले आणि मी ते पुढे देणं बंद केलं. डेटा संपत आला होता, एवढंच कारण. वर्षभराने तो लॅपटॉप बिघडला आणि त्यातलं सगळं गेलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. लोकांकडे आहे, कधीही मिळेल, असं मी धरून चालले होते.

आता तोच भाग पुन्हा उतरवायला लावला, तर तो एक्क्याण्णव टक्क्यांवर येऊन थांबला. महिना झाला, तिथंच आहे.

"एक्क्याण्णव म्हंजी पयला नंबर की गं," आई म्हणते. उरलेल्या नऊ टक्क्यांवाचून तो उघडतच नाही, हे मी तिला तीनदा समजावलं. रोज दुपारी जेवणं झाली की ती लॅपटॉपसमोर येऊन बसते. यादीत माझ्यासारखे आणखी तिघं दिसतात, कुठले कोण जाणे. तेही एक्क्याण्णववरच, आणि त्यांच्याकडे आहेत तेच तुकडे माझ्याकडे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शेवटी मी वाहिनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलली. "मॅडम, आमच्याकडचं मशीन कधीच बंद झालं. कार्यक्रम आता प्रेक्षकांकडेच आहेत."

प्रेक्षक म्हणजे कोण, तर मीच. चिडायचं तरी कोणावर? मला माझीच लाज वाटली, आणि त्या लाजेचाही काही उपयोग नव्हता.

काल आईने लॅपटॉपवरची नजर न काढता विचारलं, "लोकं असं कसं करत्यात गं? घ्यायचं अन् गुमान बसायचं. तू तवा दिलं व्हतंस ना परत?"

मी तोंड उघडलं, पण खाटेवरून वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याआधीच उत्तर दिलं.

"व्हय."